आजींच्या गुडघ्यांना विचारून जहाज निवडा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीरकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मुलगा पुण्यात नोकरीला लागला. पहिल्या बोनसमधून तो आम्हा दोघांना आणि माझ्या सासूबाईंना डिसेंबरात मुंबईहून क्रूझला पाठवायचं म्हणतोय. "तिघं एकाच केबिनमध्ये राहा, स्वस्तात बसतं," असं त्याचं म्हणणं. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, माळकरी आहेत. त्यांना साखर आहे, गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "आमचं काय काम हाय समुद्रात? चंद्रभागेत पाय भिजले, तेवढं बास झालं." आम्ही कुणीच कधी जहाजात बसलेलो नाही. मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, तेवढंच बघितलेलं. मला इंग्रजी फारसं येत नाही, नेहमी साडीच नेसते. तिथं आपल्यासारख्यांचं कसं व्हायचं? बोट लागली तर? जावं की मुलाला नाही म्हणावं?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर :

जा. मुलाला नाही म्हणू नका. फक्त पैसे भरण्याआधी हे उत्तर त्याला वाचायला पाठवा. तुम्हाला काळजी इंग्रजीची आणि साडीची आहे. ती सगळ्यात सोपी, तिच्याकडे नंतर येते. मला काळजी वाटली ती 'तिघं एकाच केबिनमध्ये' या शब्दांची.

जहाजावरची साधी केबिन लॉजच्या खोलीपेक्षा बरीच लहान असते. खाली दोन पलंग असतात, हवे तर जोडून, हवे तर वेगळे. तिसऱ्या माणसाची सोय म्हणजे बहुतेक वेळा भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा बर्थ आणि त्यावर चढायला शिडी. रेल्वेच्या अप्पर बर्थसारखंच. मी आई-वडिलांना घेऊन गेले होते तेव्हा बुकिंग करणाऱ्याने 'तीन माणसांची खोली' एवढंच सांगितलं होतं. वर मी झोपले. रात्री बाथरूमला उठलेली आई अंधारात त्या शिडीला धडकली, नडगीला लागलं, आणि दुसऱ्या दिवशीचा गोवा तिने खिडकीतून पाहिला. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं.

म्हणून मुलाला सांगा, की 'तिसरा पलंग कसा आहे, जमिनीवर आहे की शिडीचा?' हे आधी विचार. जमिनीवरचा सोफा-कम-बेड असेल तर ठीक. नसेल तर दोन केबिन घ्या. पण एका केबिनमध्ये एकटंच माणूस राहिलं तर बहुतेक कंपन्या जवळपास दोघांचं भाडं लावतात. मग चौथं माणूस का शोधत नाही? सासूबाईंची एखादी बहीण, जाऊ, वारीतली मैत्रीण, जिला चालता-फिरता येतं आणि जिच्याशी त्यांचं पटतं. शेजारच्या केबिनमध्ये त्या दोघी, इकडे तुम्ही दोघं. आपल्या वयाचं माणूस सोबत असलं की म्हातारी माणसं नव्या जागी लवकर रुळतात. 'आमचं काय काम समुद्रात' हा प्रश्न तर मैत्रिणीसमोर टिकतच नाही. आणि तसं पाहिलं तर काम होतं बरं का! धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर म्हणजे जुनं तगर. साधारण एकोणीसशे-दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथला माल गाड्यांत भरून भडोच बंदराला येतो. तिथून तो जहाजावर चढायचा. सासूबाईंना हे जरूर सांगा.

केबिन कुठली घ्यायची, याला माझं उत्तर ठाम आहे : जहाजाच्या लांबीच्या मधोमध, खालच्या मजल्यांपैकी, लिफ्टजवळ आणि खिडकी असलेली. जहाज हलतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक जास्त वरखाली होतं, वरचे मजले जास्त झुलतात, मधला खालचा भाग सगळ्यात स्थिर राहतो. वरच्या मजल्यावरची बाल्कनी फोटोत छान दिसते, पण ज्याला बोट लागते त्याचे हाल तिथेच जास्त होतात. लिफ्टजवळ यासाठी, की जहाजाचे कॉरिडॉर फार लांब असतात. केबिन टोकाला आली तर जेवायला जाऊन येण्यातच गुडघे बोलायला लागतात. खिडकीशिवायची आतली केबिन सगळ्यात स्वस्त असते, पण तिथे दिवा बंद केला की दिवस आहे की रात्र कळत नाही. तरुणांना चालतं. सत्तरीतलं माणूस पहाटे चारला उठून गोंधळतं. शिवाय बऱ्याच जहाजांत बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो. अपंगांसाठीच्या केबिनला तो नसतो. ती मिळते का विचारा. नाही मिळाली तर पहिल्या दिवशी उजेडात सासूबाईंना तो उंबरा दाखवा, दोनतीनदा ओलांडून घ्या आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. बंदरावर चढण्या-उतरण्यासाठी व्हीलचेअर हवी, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. ऐनवेळी मागितली तर ताटकळावं लागतं.

आता मार्ग. मुंबई-गोवा म्हटलं तरी सगळ्या सफरी सारख्या नसतात. काही गोव्याला जाऊन परत मुंबईला आणतात, काही गोव्यातच संपतात. दुसऱ्या प्रकारात तिकीट स्वस्त दिसतं आणि मग गोव्याहून लातूरला परतायचा खर्च वेगळा निघतो. काही सफरी कुठेच थांबत नाहीत, नुसत्या समुद्रात फिरवून आणतात. तुमच्यासाठी मुंबई-गोवा-मुंबई अशी, गोव्यात दिवसभर थांबणारी सफर बरी. तिथे जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं आणि उतारावरून चालत खाली उतरता येतं. लक्षद्वीपची जाहिरात मोह पाडते, ते निळं पाणी खरोखरच तसं आहे. पण तिथे मोठं जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. लाटांवर हलणाऱ्या होडीत पाय टाकायचा म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. तिथे जायला प्रवेश परवानाही लागतो. ते तुम्ही दोघं पुढे कधीतरी करा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले आहेत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून असल्या सफरी सहसा नसतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे महिने. थंडीत पाणी त्यामानाने शांत असतं. तारीख धरताना दोन गोष्टी कॅलेंडरात बघा. एक म्हणजे येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला येळवशीला शेतात नसण्याची रुखरुख समुद्रावर लागली तर सफर कडू होईल. दुसरी एकादशी. जहाजावर साबुदाणा, भगर मिळेल या भरवशावर राहू नका. फळं, दूध, दही मिळतं, पण साखर असलेल्या बाईने तेवढ्यावर दिवस काढणं बरं नाही.

सासूबाई माळकरी आहेत एवढंच तुम्ही पत्रात लिहिलंत, जेवणाचा प्रश्न त्यात दबून राहिला. मोकळेपणाने विचारा, कारण तो महत्त्वाचा आहे. मुंबईहून निघणाऱ्या सफरींवर शाकाहारी जेवण भरपूर असतं आणि आधी कळवलं तर जैन जेवणही करून देतात. पण बुफेत शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ एकाच दालनात मांडलेले असू शकतात. हे सासूबाईंना घरीच सांगून ठेवा. तिथे गेल्यावर कळलं तर त्या तीन दिवस चहा-बिस्किटांवर काढतील आणि कुणाला सांगणारही नाहीत. तुमच्यापैकी एकीने त्यांचं ताट वाढून आणावं, बसायला लांबचं खिडकीजवळचं टेबल धरावं. घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून न्यावी असं तुम्हाला वाटणारच. गाडीतल्या प्रवासासाठी जरूर न्या. पण घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढवू देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ चालतो का, ते कंपनीला विचारून घ्या.

बाकी जे नेता येत नाही त्यात आपल्या माणसांच्या पिशवीत हमखास सापडणाऱ्या काही वस्तू आहेत. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर. जहाजावर आगीइतकं भय कशाचंच नसतं, त्यामुळे त्यात सूट नाही. सासूबाई रोज निरांजन लावत असतील तर तीन दिवस नामस्मरणावर भागवावं लागेल. हरिपाठाला ज्योत लागत नाही, हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. चंचीतला अडकित्ता, भाजी चिरायचा चाकूही तपासणीत काढून ठेवतात, म्हणून सुपारी घरूनच कातरून न्या.

कागदांत एकच गोष्ट नीट बघा. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे जुन्या बायकांच्या एका कागदावर नावापुढे 'बाई' असतं, दुसऱ्यावर नसतं. आधार हातात घेऊनच बुकिंग करायला सांगा आणि प्रवासात मूळ कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्स नको. पुढेमागे मुलाने सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचं काढलं तर पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. शिवाय जहाज परदेशी बंदरं करून परत सिंगापूरला येतं, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा.

मुंबईला आदल्या दिवशी पोचा. लातूरहून रात्री निघणारी गाडी सकाळी सीएसएमटीला पोचते आणि जहाज सुटायचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून टॅक्सीने जवळच आहे. त्यामुळे 'त्याच दिवशी सकाळी उतरू, दुपारी जहाजात चढू' असा हिशोब मनात येतो. तो करू नका. गाडीला उशीर होऊ शकतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. एक रात्र नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजवर काढली तर सासूबाईंची झोप होते. झोप न झालेल्या माणसाला बोट लवकर लागते.

बोट लागणं म्हणजे गाडी लागण्याचाच प्रकार. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात आणि मळमळ सुरू होते. म्हणून उपाय असा, की डोळ्यांनाही हालचाल दिसू द्यायची. उघड्या डेकवर, मधल्या भागात बसून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, वारा घ्यायचा. केबिनमध्ये मोबाइल बघत पडून राहिलं की त्रास वाढतो. पोट रिकामं नको, तट्टही नको. कोरडी पोळी, बिस्किट, आल्याचा तुकडा बऱ्याच जणांना मानवतो. गोळ्या मिळतात, पण त्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात आणि त्यांनी गुंगी येते. गुंगीत असलेली बहात्तर वर्षांची बाई आणि बाथरूमचा तो उंबरा, हे चित्र मला नको वाटतं. सासूबाईंना कुठली गोळी, किती, हे निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. त्यांना आणखी एक विचारा : उलट्या होऊन जेवण गेलं नाही तर साखरेची गोळी त्या वेळी घ्यायची की नाही? पोटात अन्न नसताना ती गोळी गेली तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखरपाणी द्या आणि जहाजावरच्या डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर असतात, दवाखाना असतो. त्याचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा हात आखडू नका. औषधं लागतील त्याच्या दुप्पट दिवसांची घ्या, आणि ती खांद्यावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगा बंदरावरच चिठ्ठी लावून ताब्यात घेतात, त्या केबिनपर्यंत यायला काही तास लागतात.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या सरावाचं. भोंगा वाजतो, सात तोकडे आणि एक लांब. प्रत्येकाला त्याची जमायची जागा आणि लाइफ जॅकेट घालायची रीत दाखवतात. लोक ते टाळून फोटो काढत फिरतात, तुम्ही तसं करू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव तेव्हा व्हायचाच होता. त्यानंतर नियम बदलला आणि हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यायचा असं ठरलं. सासूबाईंना जमायच्या जागेपर्यंत एकदा चालवून न्या. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा जिना कुठे आहे तेही बघा आणि 'यांना जिना चढवत नाही' हे तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून ठेवा. ते टिपून घेतात.

फोन जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाका, तिघांचेही. किनारा मागे पडला की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडलं जातं आणि त्याचे दर फार जास्त असतात. माझ्या वडिलांचा फोन पिशवीत नुसता चालू राहिला होता, बिल चार आकडी आलं. मुलाला आधीच सांगा, की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नको.

पैशाचं असं, की जाहिरातीतल्या आकड्यात बंदर शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी धरलेली असतेच असं नाही. सगळं धरून माणशी किती, ते लेखी घ्या. जहाजावर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि खरेदीचा खर्चही त्याच्यावरच चढतो. जेवणाची मुख्य दालनं, चहा, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे तिकिटात. थंड पेयं, काही खास हॉटेलं, इंटरनेट, मसाज आणि फोटो यांचे पैसे वेगळे. फोटोवाले येताजाता फोटो काढतात, ते विकत घ्यायलाच हवेत असं नाही. रोज संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन 'आमच्या कार्डावर किती झाले?' विचारा. कॅसिनोकडे यजमानांना फिरकू देऊ नका, तिथे मुलाचा बोनस तासाभरात संपतो.

साडीचं विचारलंत. साडीच नेसा. डेकवर वारा फार असतो म्हणून पिना जास्त न्या. सासूबाईंचं नऊवारी तर जिन्यांसाठी सगळ्यात सोयीचं. तलावात उतरायचं असेल तरच पोहण्याचा वेगळा पोशाख लागतो. पायात रबरी तळाचं, न घसरणारं काहीतरी हवं, डेक ओला असतो. आत एसी कडक असतो, म्हणून शाल, स्वेटर, कानटोपी तिघांनाही. इंग्रजीचं भय काढून टाका. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर हिंदी सर्रास चालते. तुम्ही वर्गात रोज पोरांना शिकवता, तुम्हाला माणसांशी बोलायची भीती कसली?

जेवायला जाताना प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळू नका. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांना सॅनिटायझरने पुरता आळा बसत नाही. टॉयलेट हवेच्या दाबाने ओढून घेणारं असतं, मोठ्ठा आवाज होतो. झाकण लावून मगच बटण दाबायला सासूबाईंना सांगा. सगळ्या जहाजांवर जेट असतोच असं नाही, म्हणून एक छोटा मग बॅगेत टाका.

आणि एक प्रश्न सासूबाई विचारतीलच, तलावाकडे बघून : "एवढं पाणी आणलं कुठून?" २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते त्यांनी पाहिलंय. घागरीचा हिशोब ज्यांच्या अंगात भिनलाय, त्यांना हा प्रश्न पडणारच. त्यांना सांगा, की नळाचं बरंचसं पाणी जहाज स्वतः तयार करतं. समुद्राचं खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड करतात किंवा बारीक पडद्यातून दाबाने गाळतात, मीठ मागे राहतं. जमलं तर त्यांना सूर्य उगवायच्या आधी डेकवर घेऊन जा. त्या वेळी तिथे गर्दी नसते, वारा थंड असतो, आणि बसून काकडा म्हणायला हरकत घेणारं कुणी नसतं.

गोव्यात उतरलात तर कंपनीच्या बसने फिरायचं की स्वतः टॅक्सी करायची, ते तुम्ही ठरवा. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. टॅक्सी केलीत तर परतायच्या वेळेच्या दीड तास आधीच बंदराकडे वळा. मंगेशीचं दर्शन एवढंच ठेवा, सगळा गोवा उरकायच्या मागे लागू नका.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी खाली बंदरावर मिळतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीच्या साड्या, आधार कार्डं, औषधं, चष्मे आणि दातांची डबी बाहेर काढून ठेवा. सासूबाईंची काठी बॅगांसोबत जाऊ देऊ नका, ती त्यांच्या उशाशीच असू द्या.